गांजा, वीर्य आणि तीन महिन्यांचा हिशोब

पानठेल्यावर कुणी म्हणालं की गांजानं मूल होत नाही, की लगेच दुसरा गावातल्या एखाद्या नावाजलेल्या गंजेडीचा दाखला देतो. "त्याले पाय ना. सकाळ-संध्याकाळ चिलीम चालू असते, अन् घरात चार लेकरं हायेत. मंग?" या 'मंग?'पुढे चर्चा सहसा सरकत नाही. तोवर खर्रा घोटून झालेला असतो, पुड्या खिशात जातात आणि विषय कापसाच्या भावावर येतो.

दाखला खोटा नसतो. पण त्यातून जे सिद्ध करायचं असतं ते होत नाही. ते का, हे समजायला आधी वीर्याच्या रिपोर्टातले आकडे माहीत हवेत. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही. पण हे आकडे मोजणं माझं रोजचं काम आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली वीर्य तपासणीच्या पुस्तिकेची सहावी आवृत्ती काढली. तिच्यानुसार एका मिलिलिटर वीर्यात किमान १ कोटी ६० लाख शुक्राणू असावेत, एका वेळच्या पूर्ण वीर्यात ३ कोटी ९० लाख, त्यातले निदान ३० टक्के सरळ पुढे पोहणारे आणि ४ टक्के तरी नीट आकाराचे. चारच टक्के? हो, चारच. धडधाकट माणसाच्या वीर्यातही वाकड्या मानेचे, दोन शेपट्यांचे, फुगल्या डोक्याचे शुक्राणू ढिगानं दिसतात. हे आकडे आले कुठून, तर ज्यांच्या बायकोला वर्षभराच्या आत दिवस गेले अशा पुरुषांच्या नमुन्यांतून. त्यांतल्या सगळ्यांत खालच्या पाच टक्क्यांच्या वरची रेघ म्हणजे ही किमान मर्यादा. त्यामुळे हा पास-नापासचा निकाल समजू नये. रेघेखालच्यालाही बाप होता येतं आणि रेघेवरच्यालाही अडचण येऊ शकते. रेघेखाली गेलात की शक्यता कमी होत जाते, एवढंच.

आता गांजा. या विषयावर सगळ्यांत जास्त सांगितला जाणारा अभ्यास डेन्मार्कचा आहे. १८ ते २८ वयाच्या १,२१५ तरुणांची तपासणी झाली आणि निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. आठवड्यातून एकापेक्षा जास्त वेळा गांजा ओढणाऱ्यांच्या वीर्यात शुक्राणूंची दाटी २८ टक्क्यांनी कमी होती आणि एकूण संख्या २९ टक्क्यांनी. गांजासोबत इतरही नशा करणाऱ्यांत ही घट निम्म्याहून जास्त होती.

हे २८ टक्के दोन माणसांना लावून बघा. एकाच्या वीर्यात मुळात मिलिलिटरला ८ कोटी शुक्राणू आहेत. २८ टक्के गेले तरी ५ कोटी ७६ लाख उरतात. त्याला काही कळतही नाही, तो चार लेकरांचा बाप होतो आणि पानठेल्यावर त्याचं उदाहरण दिलं जातं. दुसऱ्याकडे मुळातच २ कोटी आहेत. कुणाला लहानपणी गालफुगी होऊन अंडकोषाला सूज आलेली असते, कुणाच्या अंडकोषाच्या शिरा फुगलेल्या असतात, कुणाची ठेवणच तशी. त्याचे २८ टक्के गेले की उरतात १ कोटी ४४ लाख, म्हणजे रेघेच्या खाली. दोघंही एकाच चिलमीवर बसलेले. नुकसान त्याच प्रमाणात, पण एकाच्या घरी पाळणा हलतो आणि दुसऱ्याच्या बायकोला सासू-नणंदांचं ऐकून घ्यावं लागतं. आपण या दोघांपैकी कोण, हे तपासणी केल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही. अंगापिंडावरून नाही, मिशीवरून नाही आणि बिछान्यातल्या जोमावरूनही नाही. संबंध व्यवस्थित होतात म्हणजे शुक्राणू ठीक आहेत असं समजणारे इतके भेटतात की आता मी ते वेगळं सांगतोच. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

गांजा अंडकोषापर्यंत पोचतो कसा? गांजात नशा आणणारा मुख्य घटक टीएचसी. तो मेंदूतल्या पेशींवरच्या ठरावीक ग्राहींना (रिसेप्टर, म्हणजे अशी द्रव्यं चिकटण्याच्या जागा) जाऊन चिकटतो, म्हणून डोकं हलकं होतं. आपलं शरीर स्वतःही तशाच प्रकारची द्रव्यं बनवतं, आनंदामाइड हे त्यांतलं एक, आणि हे ग्राही त्यांच्यासाठीच असतात. ते फक्त मेंदूत नसतात. अंडकोषात टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन बनवणाऱ्या पेशींवर असतात, शुक्राणू पोसणाऱ्या पेशींवर असतात आणि खुद्द शुक्राणूवरही असतात. शुक्राणूनं कधी शांत राहायचं, कधी जोर लावायचा, स्त्रीबीजाजवळ गेल्यावर डोक्यावरची टोपी कधी फोडायची, हे ठरवण्यात शरीराच्या या द्रव्यांचा हात असतो. टोपी फुटली नाही तर बीजाच्या कवचातून आत शिरता येत नाही. बाहेरून टीएचसी आला की हे वेळापत्रक बिघडतं. प्रयोगशाळेत शुक्राणूंवर टीएचसी टाकून पाहिलं तेव्हा त्यांचा वेग मंदावला आणि टोपी फुटण्याची क्रियाही अडली. म्हणजे संख्या भरपूर असली तरी चाल खराब असू शकते. रिपोर्ट वाचताना लोक पहिला आकडा बघून कागद घडी करून खिशात घालतात, खालच्या ओळी वाचत नाहीत.

दुसरी वाट मेंदूतून जाते. अंडकोषाला कामाला लावणारे हार्मोन मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीतून सुटतात आणि टीएचसी त्या साखळीत ढवळाढवळ करू शकतो. त्यानं टेस्टोस्टेरॉन कमी होतं का, यावर मात्र १९७४ पासून वाद आहे. त्या एकाच वर्षी एका अमेरिकी संशोधन गटाला ते कमी झालेलं दिसलं आणि दुसऱ्याला काहीच फरक दिसला नाही. वर सांगितलेल्या डेन्मार्कच्या अभ्यासात तर गांजा ओढणाऱ्यांचं टेस्टोस्टेरॉन थोडं जास्तच निघालं, सिगारेट ओढणाऱ्यांसारखं. तेव्हा "गांजानं मर्दानगी जाते" असं भिंतीवर रंगवलेलं दिसलं तर ते अर्धवट आहे असं खुशाल समजा. नुकसान असेल तर ते मुख्यतः शुक्राणूंच्या पातळीवर आहे आणि ते बाहेरून दिसत नाही.

आणि विरुद्ध बाजूचे अभ्यासही सांगायला हवेत, नाहीतर उद्या कुणीतरी मोबाइलवर ते दाखवेल आणि मग माझं बाकीचंही कुणी ऐकणार नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या हार्वर्डच्या संशोधकांनी बोस्टनच्या एका वंध्यत्व केंद्रात आलेल्या ६६२ पुरुषांचा अभ्यास छापला. आयुष्यात कधीतरी गांजा ओढलेल्यांच्या वीर्यात मिलिलिटरला सरासरी ६ कोटी २७ लाख शुक्राणू होते आणि कधीच न ओढलेल्यांत ४ कोटी ५४ लाख. उलटंच! संशोधकांनाही याची अपेक्षा नव्हती. पण "कधीतरी" या शब्दात कॉलेजात दोन झुरके मारलेलाही येतो आणि रोजचाही. शिवाय टेस्टोस्टेरॉन मुळातच जास्त असलेले पुरुष असले उद्योग करून बघण्याची शक्यता जास्त, अशीही एक शंका त्यांनीच मांडली. गांजा ओढल्यानं शुक्राणू वाढतात, असा या अभ्यासाचा अर्थ त्यांनी स्वतः काढलेला नाही. मूल होण्याचा प्रयत्न करणाऱ्या जोडप्यांच्या एका अमेरिकी पाहणीतही गांजामुळे दिवस राहायला एकूणात उशीर झाल्याचं दिसलं नाही. उलट ब्रिटनमध्ये २०१४ साली छापलेल्या अभ्यासात तिशीच्या आतल्या ज्या पुरुषांनी मागच्या तीन महिन्यांत गांजा घेतला होता, त्यांच्या शुक्राणूंचा आकार बिघडलेला असण्याची शक्यता जवळपास दुप्पट निघाली.

मला स्वतःला यातून जे पटतं ते असं: अधूनमधून घेणाऱ्याबद्दल पुरावा कच्चा आहे, नेमानं घेणाऱ्याबद्दल काळजी करण्याइतका आहे. आपल्याकडचा चिलीमवाला बहुतेकदा दुसऱ्या गटातला असतो. आणि डेन्मार्कच्या विद्यार्थ्याच्या मागे जे नसतं ते सगळं याच्या मागे लागलेलं असतं.

चिलमीत गांजा एकटा क्वचितच असतो, तंबाखू मिसळलेला असतो. तंबाखूबद्दल तर वादही फारसा उरलेला नाही. २०१६ मध्ये २० अभ्यास आणि ५,८६५ पुरुष एकत्र धरून केलेल्या पाहणीत धूम्रपानानं शुक्राणूंची संख्या आणि हालचाल दोन्ही कमी झालेली दिसली. वरून खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून लाकडी पाटीवर घोटलेला हा आपला विदर्भाचा माल दिवसात तीन-चार पुड्या सहज संपतो. मग शेतीचा हंगाम. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, ते सगळ्यांच्या लक्षात आहे. पण माणूस मेला नाही, नुसता अंगावर फवारा घेत राहिला, तर वीर्यावर काय होतं याची चर्चा होत नाही. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं वारंवार अंगावर घेणाऱ्यांच्या वीर्याची प्रत खालावल्याचं अनेक देशांत दिसलेलं आहे. आणि शेवटी ऊन. अंडकोष शरीराबाहेर लटकतात कारण त्यांना शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागतं. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या पुढे गेलेला असताना वीटभट्टीवर किंवा ट्रकच्या केबिनमध्ये बसणाऱ्याला हा थंडावा मिळत नाही. या सगळ्यात गांजाचा वाटा नेमका किती, हे एका माणसापुरतं कुणीही सांगू शकणार नाही. पण यातलं जे आजच्या आज बंद करता येतं, त्यात चिलीम पहिली आहे. ऊन बंद करता येत नाही आणि फवारणी तरी कोण सोडणार?

अडचण अशी की चिलमीचं नावच कुणी काढत नाही. नमुना द्यायला आलेल्याला आम्ही फॉर्म भरताना सवयी विचारतो.

"भाऊ, खर्रा खाता का?"

"हाव, तीन-चार पुड्या होतेत."

"दारू?"

"कधी-मधी. लग्न-कार्यात."

"अन् गांजा?"

"नाई नाई, नशा नाई करत आपण." थोडा वेळ जातो, सोबत आलेला मित्र हसतो. मग, "चिलीम वढतो कधी भजनात. थे का नशा हाये का? मादेवाचा परसाद हाये थो."

यात लबाडी नाही, त्याला ते मनापासून तसंच वाटतं. महाशिवरात्रीची भांग आणि मंदिरामागची चिलीम यांना आपण नशेच्या खात्यात धरतच नाही. देशात २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या सरकारी पाहणीत १० ते ७५ वयाच्या सुमारे ३ कोटी १० लाख लोकांनी वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतल्याचा अंदाज आला. त्यात भांगवाले सव्वादोन कोटींच्या आसपास आणि गांजा-चरसवाले सव्वा कोटीहून जास्त, काही दोन्हीकडचे. कायदा या दोघांत फरक करतो: १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यात फुलोऱ्याचा गांजा बंद आहे, नुसत्या पानांची भांग त्या व्याख्येत येत नाही. शरीर हा फरक करत नाही. दोन्हींत टीएचसीच आहे. भांग पोटातून जाते म्हणून उशिरा चढते आणि जास्त वेळ टिकते. वर्षातून एकदा शिवरात्रीला घेतलेल्या ग्लासानं वंश बुडेल असं सांगणारा अभ्यास नाही, तेव्हा त्याची भीती कुणी घालू नये. रोजची गोष्ट वेगळी.

गांजा ओढतो असं डॉक्टरला सांगितलं तर पोलीस येतील, ही भीतीही असते. पेशंटच्या सवयी पोलिसांना कळवायची डॉक्टरवर सक्ती नाही, उलट त्या गुप्त ठेवणं हे त्याचं कर्तव्य आहे. त्याच अंमली पदार्थ कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण देण्याची तरतूदही आहे. सांगितलंच नाही तर डॉक्टर टॉनिक आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून देत राहतील, महिन्यामागून महिने आणि हजारामागून हजार.

आता तीन महिन्यांचा हिशोब. शुक्राणू एका रात्रीत तयार होत नाही. मूळ पेशीपासून शेपटीवाला शुक्राणू घडायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात आणि मग अंडकोषामागच्या नळीत पिकायला आणखी दहा-बारा दिवस. आज डबीत दिलेलं वीर्य हे तीन महिन्यांपूर्वी पेरलेलं पीक असतं. त्या काळात तुम्ही जे ओढलं, खाल्लं, जो ताप अंगावर काढला, त्याचा हिशोब आजच्या रिपोर्टात असतो. म्हणून आठ दिवस चिलीम सोडून तपासणी करून "सोडूनही फरक नाई" म्हणण्यात अर्थ नाही. मलेरिया किंवा डेंग्यू होऊन गेला असेल तर तेही सांगावं, कारण मोठ्या तापानंतर दोन-तीन महिने आकडे खाली असू शकतात.

सोडल्यावर सुधारतं का? १९७० च्या दशकात अमेरिकेत १६ निरोगी पुरुषांना देखरेखीखाली चार आठवडे दिवसाला ८ ते २० गांजाच्या सिगारेटी ओढू दिल्या. सुरुवातीपासून मोजून पाचव्या-सहाव्या आठवड्यात शुक्राणू घटले आणि ओढणं बंद असताना पुढे हळूहळू परत वर आले. माणसं थोडीच होती, पण दिशा कळते. शुक्राणूंच्या आतल्या डीएनएवरच्या रासायनिक खुणा गांजानं बदलतात, असंही अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांना २४ पुरुषांच्या छोट्या अभ्यासात दिसलं. त्याचा होणाऱ्या बाळावर काही परिणाम होतो का, हा प्रश्न अजून खुला आहे. माझं म्हणाल तर, मूल हवं असेल तेव्हा खुल्या प्रश्नाची उत्तरं आपल्या लेकरावर शोधू नयेत.

रोज ओढणाऱ्यानं अचानक सोडलं की पहिला आठवडा जड जातो. झोप लागत नाही, भूक मरते, घरात बारीकसारीक गोष्टीवर चिडचिड होते, विचित्र स्वप्नं पडतात. दोन-तीन आठवड्यांत हे ओसरतं. बायकोला आधी सांगून ठेवलं तर तिलाही त्या चिडण्याचा अर्थ कळतो. एकट्यानं जमत नसेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ हे दोन्ही सरकारी फोन फुकट आहेत.

नमुन्याबद्दल दोन शब्द, कारण इथे फार गोंधळ होतो. आधी किमान दोन आणि जास्तीत जास्त सात दिवस वीर्यपतन झालेलं नसावं. नमुना लॅबमध्येच दिलेला बरा. घरून आणायचाच असेल तर लॅबनं दिलेल्या स्वच्छ डबीत, तेल, थुंकी, साबण न लावता. साध्या निरोधात धरून आणलेला चालत नाही. आणि तासाभराच्या आत, अंगाच्या उबेत, शर्टाच्या आतल्या खिशात. आमच्याकडे एक काकू मुलाची डबी बर्फाच्या पिशवीत घालून, ती पिशवी जेवणाच्या डब्यात ठेवून, एसटीनं दीड तास प्रवास करून घेऊन आल्या होत्या. दुधासारखं नासू नये म्हणून इतकी काळजी घेतलेली. काचेवर थेंब ठेवला तर एकही शुक्राणू हलत नव्हता. हलणार कसा? त्या नमुन्यावरून त्या मुलाबद्दल काहीच सांगता येत नव्हतं. मुलगा स्वतः का नाही आला असं विचारलं तर काकू म्हणाल्या, "त्याले लाज वाटते, बापू." सून मात्र त्याआधी नागपूरला जाऊन गर्भनळ्यांचा फोटो काढून आली होती. फाइल जाडजूड, सगळी तिचीच.

हे इथलं नेहमीचं चित्र आहे. मूल न होण्याच्या जवळपास निम्म्या प्रकरणांत पुरुषाच्या बाजूनं काही ना काही कारण असतं, आणि वीर्य तपासणी ही त्यातली सगळ्यांत स्वस्त, सुई न टोचता होणारी तपासणी. तरी ती सगळ्यांत शेवटी होते. पहिला रिपोर्ट खराब आला तरी एका कागदावर निकाल लावू नये, काही आठवड्यांनी पुन्हा तपासावं. बाजारातल्या तंबूत 'धातू घट्ट करणारी' पुडी मिळते, ती घेऊ नये. आणि ताकदीसाठी म्हणून टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन तर अजिबात नाही, कारण बाहेरून हार्मोन मिळालं की अंडकोष शुक्राणू बनवणंच थांबवतात. जिमच्या पोरांचे रिपोर्ट आम्ही बघतो.

तीन महिने थांबून बघणं सगळ्यांसाठी नाही. बायकोचं वय ३५ च्या वर असेल तर गांजा आजच सोडा, पण दोघांच्या तपासण्या त्याच आठवड्यात सुरू करा. तिच्या बाजूला वेळ कमी असतो. आणि रिपोर्टात शुक्राणू शून्य लिहून आले तर सगळं गांजाच्या माथी मारून वाट बघत बसू नका. नळीत अडथळा, हार्मोनची कमतरता, गुणसूत्रातला दोष, अशी वेगळी कारणं तिथे शोधावी लागतात आणि त्यातली काही बरी होतात. त्यासाठी मूत्ररोग तज्ज्ञ लागतो. तालुक्याला नसेल तर नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजला किंवा सेवाग्रामच्या दवाखान्यात कसं जायचं ते ग्रामीण रुग्णालयात विचारा, आणि जाताना दोन्ही रिपोर्ट सोबत न्या.